उभं राहता आलं तर

ग्रिम्सबीत, जुन्या मासळी-गोदीच्या मागे,
मेथडिस्ट चर्चच्या तळघरात, दर बुधवारी
डोरीन ब्लँचर्ड बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवते
आणि विचारते, डबा कुठे आहे?

ऑन, म्हणतात सगळे.
मग डब्यात खोडरबर टाकते. इन.
डब्याखाली रुमाल. अंडर.
डबा डोक्यावर धरते, केसांना न लावता: अबव्ह.
इथवर कुणाचं काही दुखत नाही.
मी किटली सांभाळते, कप मोजते.

खोलीच्या कोपऱ्याला इन, रस्त्याच्या कोपऱ्याला ऑन.
का? ओलेस्या विचारते.
खार्किवला ती भूमिती शिकवायची.
कोपरा म्हणजे कोपरा, नव्वद अंश.
डोरीन म्हणते, एकात तू आत असतेस, भिंतींनी धरलेली.
दुसऱ्यावर बाहेर, वाऱ्यात.
ओलेस्या वहीत दोन काटकोन काढते,
एकाच्या कुशीत टिंब, एकाच्या टोकावर टिंब,
आणि पहिल्यांदाच इंग्रजीवर खूश होते.

मोटारीला इन, बसला ऑन.
टॅक्सीला इन, आगगाडीला ऑन.
जहाजाला ऑन. होडीला इन.
रोझगार पेन खाली ठेवतो. हे सगळं पाठ करायचं?
छे, एक युक्ती आहे, डोरीन म्हणते.
उभं राहता आलं, चार पावलं टाकता आली, तर ऑन.
गुडघे पोटाशी घ्यावे लागले, तर इन.

रोझगार मान हलवतो.
पुस्तकात न बघता त्याचं वाक्य बरोबर येतं:
आम्ही त्रेचाळीस जण. इन.

माझ्या भाषेत ही अक्षरं
शब्दाच्या पाठीला चिकटून येतात, तान्ह्या पोरासारखी:
होडीत, घरात, गाडीखाली.
इंग्रजीत ती शब्दाच्या आधीच दारात उभी,
सुटी, हात आडवा धरून.

आणि ट्रकला?
गोइटोमने हात वर केला नव्हता.
ड्रायव्हरशेजारी बसलास तर इन.
शेजारी नव्हतो.
मागे, सामानात असलास तरी इनच.
मागे पण नव्हतो.
त्याने दोन तळवे आडवे धरले,
एक वर, एक खाली, मध्ये वीतभर जागा,
आणि खालचा तेवढा जोरजोरात सरकवत राहिला.
किती वेळ, ते मी बघितलं नाही. किटली उतू गेली.
अंडर, डोरीन म्हणाली.
बिनीथ नाही, बिलो नाही. साधं अंडर.
फळ्यावर लिहिलं, आणि हातातला खडू झटकला.

राहता राहिलं ॲट.
ॲट म्हणजे नेमकी जागा,
नकाशात टाचणी खोचावी तशी. स्टेशन, दार, घर.
ओलेस्याने पुस्तकाचं पान उलटवून दाखवलं: ॲट सी.
समुद्र बिंदू कसा?

डोरीनने बिस्किटाचा एक तुकडा मोडला, खाल्ला नाही.
माझे वडील ट्रॉलरवर होते, आइसलंडच्या बाजूला.
भाडं मागायला माणूस आला की आई सांगायची,
ते ॲट सी आहेत.
म्हणजे कामावर आहेत. म्हणजे येतील, पैसे देऊ.
मी सात वर्षांची. फेब्रुवारी होता.
कंपनीचं पत्र आलं, त्यातही ॲट सीच लिहिलेलं,
फक्त आधी एक शब्द जास्त.
आईने वाणसामानाच्या यादीची पेन्सिल घेतली,
ॲट खोडलं,
वर लिहिलं, इन.

नियम म्हणून हे लिहून घ्यायचं का,
कुणालाच कळलं नाही. रोझगारने घेतलं.

नऊ वाजता सगळे बसस्टॉपवर. ॲट की ऑन, मी विचारलं नाही.
बस आली, जवळजवळ रिकामी.
ओलेस्या खिडकीशी बसली, रोझगार तिच्यामागे,
मी दाराजवळ, ओली किटली मांडीवर.
गोइटोमला तीन-तीन सीट मोकळ्या दिसत होत्या.
तो दांडा धरून उभाच राहिला,
मग चार पावलं पुढे गेला,
चार मागे आला.