शेरा

तीन नंबरच्या लॉकवर पोचलो तेव्हा
सोरेल नदीवर धुकं होतं, आणि कंपनीची पाटी
कुणीतरी आधीच उतरवून
कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवी टाकली होती.

कॅप्टनसाहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो:
ओकची दारं, नग चार, झिजलेली.
साखळी, अठरा वाव, गंजलेली.
पूर्वेच्या भिंतीला पोट आलेलं.
राखणदाराचं घर, एक. चूल धुरकट.
जकातीची पेटी, एक. रिकामी.
किंमत साहेबांनी सांगितली,
कंपनीच्या वकिलाने खोकून दुप्पट केली,
मध्ये कुठेतरी सही झाली.
नदी सरकारजमा.

अॅम्ब्रोझ टटल सत्तावीस वर्षं ही दारं उघडत होता.
यादीत त्याचा नग नव्हता.
खिशात हात घालून म्हणाला,
"खालचं दार डाव्या अंगाला गळतं.
चुलीतली राख आणि घोड्याची लीद
वरच्या बाजूने सोडायची, मूठ-मूठ.
पाणीच ओढून नेतं, पाणीच भेग बुजवतं.
कंपनीला बोललो नाही कधी.
पगारातून कापलं असतं."
मी साहेबांकडे पाहिलं.
साहेब घड्याळाकडे.

दुपारी कांद्याची पोती घेऊन फिल्युरा गँटची होडी आली.
चिंधीत बांधलेले पंचेचाळीस सेंट तिने पुढे केले
आणि अॅम्ब्रोझचा हात आपोआप पसरला,
मग तसाच राहिला, हवेत.
"आता लागत नाहीत."
"का? कुणाचं झालं हे?"
"तुझंच, असं म्हणतायत."
ती दाराकडे बघत राहिली,
त्या बारीक, न थांबणाऱ्या धारेकडे.
"माझं असेल तर गळतं कशाला ठेवलंत?"

अॅम्ब्रोझ हसला. मी त्याला हसताना
तेवढंच एकदा पाहिलं.
तिने होडीतल्या शेगडीची राख बादलीत ओतली,
काठावर ओणवी झाली,
आणि आम्ही चौघं, वकीलसुद्धा,
पाणी बारीक होताना ऐकत उभे राहिलो.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
राख, अर्धी बादली. मालकाकडून.

तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतून प्रत परत आली.
ती ओळ लाल शाईने खोडलेली,
समासात बारीक अक्षरात:
अशी बाब अस्तित्वात नाही.
तोवर माझी बदली झाली होती
दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या यादीसाठी.
तिथल्या राखणदाराला मी आधी विचारलं,
कुठे गळतं?