पार्टिशन

भंगारवाला म्हणाला, पाचशे देतो, मॉनिटर धरून.
मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच.
ह्या डब्यावर अर्ध्या भटवाडीची लग्नं लागलीत,
म्हणजे पत्रिका.
'श'च्या बटणावरचं अक्षर कधीच उडालंय.

रविवारी मास आटपून कालिन्याचा ऑल्विन आला.
खिशात पेनड्राइव्ह,
त्यावर मागच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा हसरा फोटो.
आतली भाषणं पुसून
आख्खं लिनक्स भरलं होतं त्यात.
"फुकट?"
"फुकट, मावशी."
"मग बनवणाऱ्यांचं पोट कशावर?"
त्याला ठाऊक नव्हतं.

आधी धूळ.
रंगाचा ब्रश, मग सायकलचा पंप.
पंख्यातून पंधरा खंडेनवम्यांचं कुंकू उडालं
आणि एक अक्षत, पिवळीधमक.
बोर्डावरचा गोल सेल मेला होता,
म्हणून तर मशीन रोज सकाळी
दोन हजार आठच्या एक जानेवारीला जागं व्हायचं.
कोपऱ्यावरच्या घड्याळजीनं नवा दिला, चाळीस रुपये.

"चालू झालं की बारा नंबरचं बटण मारत राहा,
थांबू नका."
मी मारत राहिले,
चाळीतल्या संडासाचं दार वाजवावं तसं.
तीनदा जुनंच कुणी आतून खाकरलं.
चौथ्यांदा दार उघडलं.

भाषा विचारली. यादीत खाली खाली जात
मराठी सापडली. मी चष्मा पुसला.
गाव विचारलं.
नकाशात मुंबईवर बोट ठेवलं
तर म्हणतं, कोलकाता.
पुन्हा ठेवलं. कोलकाता.
"घड्याळ एकच आहे ना," ऑल्विन म्हणाला,
"चालवून घ्या."
चालवून घेतलं. आपल्याला काय नवीन आहे.

मग एक लांब पट्टी आली पडद्यावर,
मधोमध एक रेघ, सरकवता येणारी.
जुन्याला किती ठेवायचं, नव्याला किती द्यायचं?
जुन्या बाजूला सगळ्या पत्रिका,
दहाव्याच्या जाहिराती, एका शाळेचं गॅदरिंग,
अशा फॉन्टमधे, की दुसरीकडे उघडलं
तर नुसता चिन्हांचा चिखल.
"विचार करून ओढा. नंतर हलवायला जड जातं."

हे मला सांगतोय.
दहा बाय बाराची खोली आमची.
धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा
आधी साडीचा पडदा लावला,
मग प्लायवूड.
खिडकी त्यांच्याकडे गेली, मोरी आमच्याकडे.
खडूनं रेघ मारली ती मीच,
वीतभर आमच्या बाजूनं जास्त.
तेव्हा कुणी बोललं नाही.
पुढे सात वर्षं कुणीच बोललं नाही,
मग ते बदलापूरला गेले.
प्लायवूड काढलं तरी
लादीवर खिळ्यांची भोकं आहेत अजून,
पुसताना फडकं अडकतं.

"मावशी?"
मी रेघ पकडली.
जुन्याला मोजून जागा दिली,
आणि वर थोडी.
"एवढी कशाला? तिथे आता काय वाढणार?"
असू दे.

सदतीस टक्क्यांवर अडलं तेव्हा चहा उतू गेला.
मग पुढे सरकलं आपलं आपण.
शेवटी विचारतं, ह्या मशीनचं नाव काय?
मी 'पोटमाळा' लिहिलं.
नाकारलं. म्हणे इंग्रजी अक्षरं हवीत.
आत्ताच तर मराठी विचारत होतं.

ऑल्विन हसत होता. मी एकेक बटण शोधत
पुन्हा लिहिलं, पी, ओ, टी,
आणि बदलापूरचा नंबर
जुन्या बाजूच्या कुठल्या फाइलीत आहे
ते आठवत बसले.