नळीचा रंग

सोहारच्या साइटवर खांब ओतून उरलेली
पुठ्ठ्याची नळी, माझ्या खांद्याएवढी उंच.
आतून काळा दिला परवाच,
लाकडाचा भुसा कालवून, खरखरीत,
चुकार उजेडाला घसरायला जागा नको म्हणून.

बाहेरून कोणता, यावर अडलंय.
बावीस वर्षं रिफायनरीत पाइपच रंगवतोय:
पाण्याला हिरवा, वाफेला रुपेरी,
गॅसला पिवळा,
आगीच्या पाण्याला लाल.
कुन्हमद ब्रश थिनरमध्ये बुडवत विचारतो,
"यातून काय जाणार, शेडगे?"

उजेड, म्हटलं. शिळा.
निघून फार दिवस झालेला.

"त्याला कोड नाही."

चार्टवर खरंच नाही.

शेवटी उघडला तो उरलेला डबा,
कँटीनच्या भिंतीचा, सायीसारखा.
हवा अशी दमट की कोट धरेना.
रात्री गच्चीवर नेऊन उभी केली,
शेजारी टेबलफॅन लावला,
आणि नेमका शमाल सुटला.

सकाळी अंगभर वाळू.
पॉलिशपेपरनं घासली. पुन्हा कोट.
पुन्हा वाळू.
तिसऱ्यांदा कुन्हमदनंच डबा झाकला:
"राहू दे. हा इथलाच रंग."

आता हात फिरवला की बोटांना कळतं
त्या रात्री वारा कुठल्या बाजूचा होता.

आरसा शुक्रवारी बसेल.
तोवर नुसताच डोळा लावतो:
काळोख, भुशाचा वास,
आणि पलीकडच्या टोकाला वाटीएवढं आभाळ,
फ्लेअरनं एका कडेला तांबडं झालेलं.