ओकटी चालु

दादा हैदराबादला गेला, सायकल जिन्याखाली राहिली.
पातळ टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची.
पुढे दोन चक्रं, मागे पाच, म्हणजे दहा गिअर.
त्यातले चार मी कधी वापरले नाहीत
आणि तीन आपणहून बदलायचे,
बहुतेक कन्ना चौकात, बहुतेक मागे रिक्षा असताना.

परवा चेन स्पोकांत शिरली.
गिअरचा तो लोंबता हात मोडून
माझ्या हातात आला.

काशिमसाब नदाफ म्हणाले, याचं सामान इथं नाही.
पुण्यात मिळंल, पण त्या पैशात
नवी लेडीज सायकल येतीय की, कॅरिअरसकट.
घाला भंगारात. चहा घेणार?

नायनांना यातलं काही ऐकू आलं नाही.
एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
अठ्ठेचाळीस माग मिळून
हळूहळू कान खाऊन गेले.
पण काशिमसाबनी हलवलेली मान त्यांना ऐकू आली.

ते खाली बसले. मागच्या चक्रांचे दात
अंगठ्याने मोजत गेले. चौदा. सतरा. वीस.
मागालाही असं एक चक्र असतं,
ते बदललं की इंचात किती धागे बसतील ते बदलतं.
दातांचा हिशेब त्यांना कोणी शिकवायला नको होता.

"ओकटी चालु."

काशिमसाबनी ऐकलं, एक चालू.
मी ऐकलं, एक पुरे.
घरातली तेलुगू आणि रस्त्यावरची मराठी
या एका शब्दापाशी मला नेहमी पाडतात.
पहिलीत बाई म्हणाल्या होत्या, पंखा चालू ठेव.
मी उठून बंद केला.

मग दोन रविवार, दारासमोर, पोत्यावर.
पाच चक्रांचा तो गठ्ठा सुटेना.
चावी व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक फिरवलं,
मी एकीकडून, ते एकीकडून,
स्टिअरिंग असावं तसं,
आणि कट् झालं तेव्हा दोघं पडलो.
अठरा दातांचं साधं फ्रीव्हील, काशिमसाबच्या डब्यातलं.
पुढचं लहान चक्र काढलं. आता बोल्ट लांब पडले,
म्हणून मागाचे वॉशर, नायनांच्या ट्रंकेतून,
एका जुन्या मोज्यात बांधून ठेवलेले.
का ठेवले होते? विचारलं नाही.
विचारायचं म्हणजे ओरडायचं, गल्लीत सगळे ऐकतात.

चेन सरळ बसेना. ॲक्सलवरचे वॉशर
इकडचे तिकडे केले, मग रिम डावीकडे गेली,
मग स्पोक आवळले. मी टिचकी मारून सूर ऐकत होते.
त्यांनी माझा हात बाजूला केला,
प्रत्येक तारेवर नख टेकवलं, डोळे मिटून,
ताण्याचा ताण बघायचे तसं.
सैल तार मला सापडली नव्हती. त्यांना सापडली.

मोडका हात, दोन केबली, लिव्हर, चार बोल्ट
तराजूत घातले तर सव्वा किलो भरले.
वाण्याने शेंगदाणे बाजूला ठेवून तोलून दिले,
पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी आसरा पुलावर चढताना
माझा हात सवयीने खाली गेला.
तिथे फक्त नळी होती, रंग उडालेली, लिव्हरची जागा.
मग उभी राहिले पेडलवर.
पूल तेवढाच उंच होता जेवढा होता.
सायकल खरखरत नव्हती, कुरकुरत नव्हती,
इतकी गप्प की मला वाटलं
नायनांचे कान मला लागले.

घरी आले तर ते दारात.
चेनवर बोट ठेवून पेडल उलटं फिरवलं,
आणि विचारलं, "चालु?"
कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही.
मी मान हलवली. ती दोन्हींत चालते.

दादाला अजून सांगितलेलं नाही.
काल फोनवर त्याने विचारलं, माझी सायकल आहे ना?
म्हटलं, आहे.