दोन मिलिमीटर

रात्रपाळीहून आले तर गॅरेजात उजेड.
रेनार्स उकिडवा, बोटं काळी, सायकल उलटी.
"आई, अर्धा फेरा क्रँक गुमान फिरतो, मग कुरकुरतो.
आणि चेन बघ."
मी एक डोळा मिटला. तिरकी खरीच:
पुढचं दातेरी चाक जरा बाहेर, मागचं जरा आत,
जेवायला आम्ही दोघं बसतो तशी.

बेअरिंग काढलं, पुसलं, ठोकून बसवलं.
उजवीकडचा वायसर डावीकडे घातला.
चेन सरळ झाली,
पण आता दाते फ्रेमला घासू लागले.

दुसऱ्या दिवशी मादार्सला बोलावलं.
फ्रेम त्याचीच, वीस युरोंत घेतलेली,
का विकतोस, ते न विचारता.
वाल्मिएराच्या बर्फातून तो आला, डावा पाय ओढत.
मागच्या नळीवरून अंगठा नेला,
एका जागी थांबला.
"इथं वाकलीय. त्या उडीला.
मला वाटलं होतं, फक्त मीच."

खिशातून एक पातळ चकती काढून
त्यानं रेनार्सच्या तळव्यावर ठेवली.
"पुढचं राहू दे तिथंच. मागचं आण बाहेर."

रेनार्सनं क्रँक फिरवला.
काहीच वाजलं नाही.
मादार्स तरी कान लावून बसला होता.