चेंज द नॅरेशन

गजभिये मॅडमचा कूलर पाणी मागत घरघरतो,
त्या फळ्यावर लिहितात :
अवतरणचिन्हं काढा. इफ लावा.
क्रियापद एक पाऊल मागं.
'हिअर'चं 'देअर', 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे'.
आणि पोट्टेहो, प्रश्नचिन्ह ठेवायचं नाही,
नुसतं टिंब.
मार्क त्याचेच कटतात.

नंदनवनातल्या आमच्या दोन खोल्यांत
मी हे दुसरीपासून करते.
"तुह्या बाबाले विचार, डबा नेता का?"
उंबरा ओलांडून मी :
आई विचारते, डबा नेता का?
"सांग तिले, भूक नाही."
मराठीत काळ सरकवावा लागत नाही,
प्रश्न जसाच्या तसा गरम पोचतो,
कढईतून ताटात.
आवाज तेवढा माझा.

होळीनंतर बाबांनी बुटीबोरीला खोली केली,
कंपनीच्या गेटजवळ.
निघताना दारात आईनं
पहिल्यांदाच मला मधे न घेता विचारलं,
"उद्या येता का?"
ते बुटाची लेस बांधत होते.
बांधलेलीच होती ती.

आज टेस्टमध्ये पाचवं वाक्य तेच निघालं.
शी आस्क्ड हिम इफ ही वुड कम द नेक्स्ट डे.
इफ आहे. वुड आहे.
उद्या राहिला नाही कुठं,
आणि शेवटी टिंब, गोल, काळं,
जसं काही विचारून झालं
आणि उत्तरही मिळून गेलं.

पेपर गोळा करत मॅडम माझ्या बाकापर्यंत आल्या
तेव्हा मी टिंबाच्या डोक्यावर
घाईघाईनं आकडा काढला.

गेला अर्धा मार्क.
जाऊ दे न.