स्टिल

फर्कर मॅकफेल अडतीस वर्षं स्टिलमन होता.
स्टिल म्हणजे तांब्याचं भांडं, दोन पुरुष उंच,
बगळ्यासारखी मान वाकवलेलं.
आत बार्लीचं आंबलेलं पाणी उकळायचं,
वाफ वर जायची
आणि थेंबाथेंबानं शहाणी होऊन परत यायची.

स्टिल म्हणजे स्तब्धसुद्धा.
पण स्टिलमनला स्तब्ध राहून कसं चालेल?
रात्रभर झडपा पिळत हिंडायचा,
उलट्या हातानं तांब्याचा ताप बघायचा,
लेकराच्या कपाळाचा बघावा तसा.

लेकरू नव्हतं.
म्हणजे होतं. मार्चमधलं, वादळाच्या आठवड्यातलं.
नोंदवहीत कारकुनानं हाच शब्द लिहिला,
पुढे ‘बॉर्न’.
इशबेलनं तो वाचला आणि बोटानं मधोमध फोडला:
‘तरीही जन्मली.’
कारकून काही बोलला नाही.
बेटावर तेवढी रीत आहे.

भट्टीला कुलूप लागून दोन हिवाळे झाले.
फर्कर अजून साडेपाचला उठतो.
‘स्टिल?’ ती पांघरुणातूनच विचारते.
‘स्टिल,’ तो म्हणतो, बुटाची नाडी आवळत.
झालं सकाळचं बोलणं.

काल भंगारवाले आले.
तांब्याची मान कापून बोटीवर चढवली.
फर्कर धक्क्यावर उभा होता, टोपी हातात,
समुद्र असा की बगळ्याचं पाऊलही उमटावं.

इशबेल थर्मास घेऊन आली.
बोट दिसेनाशी झाली होती.
तो तिथंच होता.
तिनं तो शब्द उच्चारला;
कुठल्या अर्थानं, कोण जाणे.